सतरा भेटी आणि दारावरची पाटी

मी एक जुनी पाटी आहे, मित्रांनो. शाळेच्या दप्तरातली नव्हे, दारावरची. एरंडोलजवळच्या एका गावात, एका घराच्या चौकटीवर मी दोन वर्षे नोकरी केली. माझ्यावर घरमालकाचे नाव नव्हते आणि 'सुस्वागतम्'ही नव्हते. होती ती नुसती काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची नक्षी. किराणा दुकानात पैसे देताना तुम्ही ज्या नक्षीसमोर मोबाईल धरता ना, तशीच. फरक एवढाच, की माझ्यासमोर मोबाईल धरला की पैसे जात नसत, माणूस आल्याची नोंद होत असे. माझ्या मते हे काम जास्त मानाचे आहे, पण माझे मत कोणी विचारलेले नाही.

माझा जन्म धुळ्याचा. आग्रा रोडला लागून असलेल्या एका बोळात सुकदेव नावाच्या कारागिराचे छोटेसे दुकान आहे. तो गाड्यांचे नंबर रंगवतो, वकिलांच्या नावाच्या पाट्या बनवतो आणि कबड्डीच्या स्पर्धांच्या ढालीही. त्याने ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि माझ्या अंगावर ती नक्षी छापली. माझ्यासारख्याच साठ पाट्या त्या आठवड्यात तयार झाल्या. दिसायला सगळ्या सारख्या, पण प्रत्येकीची नक्षी वेगळी, कारण प्रत्येकीचे घर वेगळे. सुकदेवने मला मऊ फडक्याने पुसले आणि दोन ढालींच्या मध्ये सुकायला ठेवले. त्या ढाली आपापसात विजेतेपदाच्या गप्पा मारत होत्या. मी गप्प राहिले, कारण मला अजून कोणी जिंकलेले नव्हते.

आम्हां साठ जणींची गरज का पडली, तेही सांगते. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची सेवा करणाऱ्या संस्था असतात. त्यांच्या सेविका घरी येतात, अंघोळ घालतात, रक्तदाब बघतात, लुळ्या पायांना व्यायाम देतात. पूर्वी या भेटी वहीत लिहीत. पण काही ठिकाणी असे उघडकीला आले, की वहीत रोजची भेट मांडलेली आणि खाटेवरचा माणूस आठ-आठ दिवस अंघोळीवाचून पडलेला. मग सरकारने नियम केला. प्रत्येक घरी एक पाटी लागेल. सेविकेने आल्यावर मोबाईलने पाटी वाचायची आणि निघताना पुन्हा वाचायची. पाटी वाचली गेली तरच वेळ आणि जागा नोंदली जाईल. नियम चांगल्या मनाने केलेला होता, आणि मी त्याच नियमाची लेक आहे, म्हणून त्याच्याबद्दल वावगे बोलणार नाही.

माझ्या वाट्याला आले यशोदाबाईंचे घर. सारे गाव त्यांना अक्का म्हणते, तेव्हा मीही अक्काच म्हणते. त्यांना पॅरालिसिसचा झटका येऊन डावा पाय निकामी झाला होता. त्यांचा मुलगा गिरधर केळीची शेती करतो. त्यानेच ड्रिलने चार भोके पाडून मला चौकटीवर बसवले. खाटेवरून अक्कांनी विचारले, "हाई काय शे रे भाऊ?"

"नोंदनी पाटी शे, माय," गिरधर म्हणाला. "बाई कव्हय उनी, कव्हय गयी, बठ्ठं सरकारले समजस." आमच्या अहिराणीत कव्हय म्हणजे कधी, उनी म्हणजे आली आणि बठ्ठं म्हणजे सगळे.

अक्का म्हणाल्या, "म्हंजे हाई पाटी शे म्हनीसन पोरगी येस."

गिरधरने त्यांना दुरुस्त केले नाही. खरे सांगते, मीही मनातून सुखावले आणि मलाही तेच खरे वाटू लागले.

ती पोरगी म्हणजे सारिका. पाचोऱ्याच्या एका संस्थेत ती गृहसेविका होती आणि रोज सकाळी साडेनऊला एरंडोलहून स्कूटीवर येई. हेल्मेट काढून ती आधी माझ्यासमोर मोबाईल धरी. टुंग असा आवाज झाला, की चपला काढून आत जाई आणि म्हणे, "अक्का, मी उनी." शिक्षण जळगावला झाले असले तरी अक्कांशी ती त्यांच्याच बोलीत बोले. तासाभराने बाहेर येऊन पुन्हा माझ्यासमोर मोबाईल धरी आणि पुढच्या घरी जाई. अशी तिची पाच घरे होती.

दोन वर्षे माझे बरे चालले. टुंग, मग तासभर विश्रांती, मग टुंग. एवढी सुखाची नोकरी धुळ्याच्या त्या ढालींनाही मिळाली नसेल. माझ्या मागे पालीने संसार मांडला होता आणि गिरधरची बायको सुलक्षणा दर शनिवारी मला फडके मारी. आत अक्का कण्हत, हसत, सारिकाशी भांडत. ते सगळे मला ऐकू येई, पण ते माझे काम नव्हते. माझे काम फक्त येणे आणि जाणे.

मग दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला कामाच्या प्रत्येक वस्तूची पूजा होते, हे तुम्हांला माहीत आहेच. गिरधरने ट्रॅक्टर धुऊन त्याला झेंडूचा हार घातला. पाण्याच्या पंपाला कुंकू लागले, सुलक्षणाच्या शिलाई मशीनला लागले. अक्का प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे बघत होत्या. त्यांची नजर माझ्यावर गेली.

"ट्रॅक्टरले हार, पंपले हार," त्या म्हणाल्या. "मंग पाटी उघडीच का?"

सुलक्षणाने त्यांची खुर्ची सरकवत दारापाशी आणली. अक्कांनी तेलात कालवलेले कुंकू बोटावर घेतले आणि मला निरखून पाहिले. माझ्या नक्षीत तीन कोपऱ्यांना तीन ठळक चौकोन आहेत. मोबाईल पहिल्यांदा ते तीन चौकोनच शोधतो, आणि ते सापडले की मगच बाकीचे वाचतो. अक्कांना हे कुठून माहीत असणार? त्यांना वाटले, देवाच्या कपाळासारखी ही मुद्दाम ठेवलेली जागा आहे.

"देख सुलक्षणा, हाई कुंकूनीच जागा शे," असे म्हणून त्यांनी तिन्ही चौकोनांवर ठसठशीत टिळे लावले, वर हळद लावली आणि मला नमस्कार केला.

मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला हात जोडले होते. मी फुलून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सारिकाने मोबाईल धरला आणि टुंग काही झाले नाही. तिने मोबाईल जवळ नेला, लांब नेला, तिरका धरला. मग टिळे बघून ती हसत सुटली. तिने ओल्या फडक्याने पुसले, पण तेलातले कुंकू पसरून सगळी नक्षी तांबूस झाली. सुलक्षणा धावून आली. "सारिका, तू व्हय बाजूले, मी घासी देस," ती म्हणाली. तिने देवाची भांडी घासतात तशी आधी चिंच लावली, मग राख, मग तारेची घासणी. मी आरशासारखी लख्ख झाले. माझ्यावरची निम्मी नक्षी राखेबरोबर वाहून गेली होती.

त्या क्षणापासून मी नुसता पत्रा उरले. घरातल्या कोणाच्याही मनात काळेबेरे नव्हते. एकीने भक्ती केली, दुसरीने स्वच्छता केली, आणि दोघींनी मिळून माझी नोकरी घालवली.

पाटी वाचता आली नाही, तर सेविकेने मोबाईलमध्ये हाताने नोंद करावी आणि कारण द्यावे, अशी नियमात सोय होती. सारिकाने कारणांची यादी उघडून मोठ्याने वाचली. पाटी तुटली. पाटी जळाली. पाटी चोरीला गेली. पत्ता बदलला. इतर. तिने 'इतर' निवडून खाली लिहिले, 'पाटीची पूजा झाली.' संध्याकाळी उत्तर आले, 'कारण अमान्य.'

संस्थेत भूपेंद्र नावाचा माणूस या नोंदी बघत असे. सारिकाने ओट्यावर उभी राहून त्याला फोन लावला. तो म्हणाला, "सारिकाताई, कशाला डोकेफोड करता? 'चोरीला गेली' टाका. आठवड्यात नवीन पाटी येईल."

"पाटी माझ्या नाकासमोर आहे, भाऊ," सारिका म्हणाली. "मी चोरी झाली म्हटलं, तर उद्या पोलीस अक्कांच्या दारात येऊन विचारतील. मी खरं तेच लिहिणार."

ती रोज खरे तेच लिहीत राहिली आणि रोज ते अमान्य होत राहिले. महिन्यात पाचपेक्षा जास्त नोंदी हाताने झाल्या, की ते घर यादीत लाल होते आणि चौकशी लागते. आमचे घर लाल झाले. भेटी खोट्या ठरल्या, तर सारिकाचा नोंदणी क्रमांक रद्द होणार होता. मग तिला राज्यात कुठेच हे काम करता आले नसते आणि अक्कांची सेवाही बंद झाली असती. सारिकाने ही गोष्ट अक्कांपासून लपवली, पण सुलक्षणाला सांगितली. सुलक्षणा त्या दिवशी माझ्यासमोर उभी राहून पदराने डोळे पुसत होती, आणि मला पहिल्यांदाच लाज वाटली.

गंमत म्हणजे, याच दिवसांत आत काहीतरी वेगळे चालले होते. मला काम उरले नव्हते, म्हणून मी नीट ऐकू लागले. अक्कांना चालायला शिकवताना सारिका 'एक, दोन, तीन' म्हणे. पण झटक्यापासून आकडे अक्कांच्या जिभेवर अडकत. तीन आठवला नाही, की पायही तिथेच थांबे. मग सारिकाला एक युक्ती सुचली. अक्कांचे माहेर मुकटीचे. धुळ्याहून जळगावला जाणाऱ्या एसटी गाडीचे सगळे थांबे त्यांना तोंडपाठ होते. सारिकाने आकडे सोडले आणि थांबे धरले. एक पाऊल, एक थांबा.

"धुळे," सारिका म्हणे.

"धुळे," अक्का म्हणत आणि पाय उचलत.

पहिल्या दिवशी गाडी फागण्यापर्यंत गेली. चौथ्या दिवशी मुकटीला पोचली आणि तिथे अक्का पाच मिनिटे थांबल्या, कारण माहेर आले की बसायला हवेच. दहाव्या दिवशी पारोळा आले. पंधराव्या दिवशी अक्का एरंडोलला पोचल्या आणि धाप लागली असतानाही म्हणाल्या, "तिकीट काढं नही मी." त्यावर दोघी इतक्या हसल्या, की सुलक्षणा पोळी तव्यावर टाकून बघायला आली. यातला एकही दिवस सरकारच्या यादीत नव्हता.

सतरा भेटी अशा हाताने लिहून झाल्या आणि दिवाळी दोन-तीन दिवसांवर आली असताना चौकशी आली. मृणाली मॅडम जळगावच्या सरकारी ऑफिसातून आल्या होत्या. वयाने तरुण, बोलणे मोजके, हातात टॅब. त्यांनी आधी मला बोटाने चाचपले, माझा फोटो काढला आणि मग आत जाऊन बसल्या. सुलक्षणाने चहा पुढे केला. तो त्यांनी नम्रपणे बाजूला ठेवला.

सुलक्षणा म्हणाली, "मॅडम, सारिका रोज येत होती. आम्ही सगळे सही करून देतो."

"सह्या मागितल्या की मिळतात, ताई," मॅडम म्हणाल्या. "मागे एका घरी नातवापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांनी सह्या दिल्या होत्या. सेविका महिनाभर तिकडे फिरकली नव्हती."

हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण ते घर त्या विसरल्या नव्हत्या, हे मला बाहेरून कळले. माझ्यासारखी पाटी कशासाठी जन्मली, ते त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक होते.

अक्का खाटेवर सरळ बसल्या. सतरा दिवस घरात कसली कुजबुज चालली होती, ते आता त्यांच्या ध्यानात आले. त्या म्हणाल्या, "मॅडम, ते कुंकू मी लायेल शे. पोरीना काही गुन्हा नही."

"कुंकवाचं काही नाही हो, अक्का," मॅडम म्हणाल्या. "ती सतरा दिवस खरंच आली का, एवढंच मला बघायचं आहे." त्यांनी टॅब उघडला. दसऱ्याच्या आधीच्या तपासणीत लिहिले होते, की यशोदाबाई दोघांच्या आधाराने दोन पावले टाकतात. "त्यानंतर काही फरक पडला असेल, तर तो दिसायला हवा. चालून दाखवता?"

सारिकाला त्यांनी दारात, माझ्या शेजारी उभे केले आणि हात लावायचा नाही असे बजावले. सुलक्षणाने अक्कांना काखेत धरून उठवले. अक्का उभ्या राहिल्या, पण पाय हलेना. सुलक्षणा म्हणाली, "एक... अक्का, एक." अक्का गोंधळून जमिनीकडे बघत राहिल्या आणि पुन्हा खाटेवर बसल्या. मॅडमनी टॅबवर काहीतरी लिहायला बोट टेकवले.

"तुले जमस नही, सुलक्षणा," अक्का म्हणाल्या. "हात सोड मना."

त्या स्वतः खाटेचा कठडा धरून उठल्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मॅडम सारिकाकडे बघून म्हणाल्या, "हात लावू नका. तोंडाने काय सांगायचं ते सांगा."

सारिका म्हणाली, "अक्का, गाडी लागली. धुळे."

"धुळे," अक्का म्हणाल्या, आणि डावा पाय फरशीवरून घासत पुढे आला.

"फागणे."

"फागणे."

मॅडमचे बोट टॅबवरून उचलले गेले. मुकटीला अक्का थांबल्या. सुलक्षणाला वाटले आता संपले, ती पुढे झाली, पण सारिकाने मानेने नको म्हटले. "माहेर आहे त्यांचं," ती मॅडमना हळूच म्हणाली. "इथे गाडी थोडी थांबते." मॅडम थांबल्या. मग पारोळा झाले, एरंडोल झाले. अक्का घामाघूम झाल्या होत्या. "पिंपळकोठा," सारिका म्हणाली, आणि अक्कांनी तेही पाऊल टाकले. आदल्याच दिवशी त्या इथवर पोचल्या होत्या, याच्या पुढे कधीच नाही. पुढचा थांबा सांगायच्या आधी सारिका डोळे पुसायला वळली. अक्का एक पाय पुढे करून वाट बघत उभ्या होत्या.

तेव्हा मागून मृणाली मॅडम म्हणाल्या, "पाळधी."

त्या याच रस्त्याने आल्या होत्या. अक्कांनी मागे वळूनही पाहिले नाही. "पाळधी," म्हणत त्यांनी पाऊल टाकले. "बांभोरी," त्या आपणहून म्हणाल्या, आणि आठव्या पावलाला त्यांचा हात चौकटीवर, माझ्या बरोबर खाली येऊन टेकला. तो हात गरम होता.

"जळगावले सकाय जासूत," अक्का मॅडमना म्हणाल्या. आमच्याकडे सकाय म्हणजे उद्या. मॅडम हसल्या, बाजूला ठेवलेला गार चहा त्यांनी उचलला आणि दोन घोटांत संपवला.

मग उभ्यानेच त्यांनी नोंद केली आणि सारिकाला वाचून दाखवली. 'सतरा भेटी झाल्या. पुरावा, आठ पावले.' कारणाच्या रकान्यात त्यांनी 'इतर' निवडले आणि लिहिले, 'पाटीची पूजा झाली.' या वेळी ते मान्य झाले. सारिका स्कूटीपाशी जाऊन एकटीच रडली आणि हेल्मेट घालून पुढच्या घरी गेली, कारण तिथले आजोबा खोळंबले होते.

दिवाळीनंतर नवीन पाटी आली. तिच्या तळाशी एक बारीक ओळ छापली आहे, 'या पाटीस हळदकुंकू लावू नये.' ती वाचून गिरधर पोट धरधरून हसला. त्याने मला उतरवून भंगारात टाकायला काढले, तर अक्का म्हणाल्या, "तिले फेकू नको. माठवर झाकन नही शे." तेव्हापासून मी अंगणात लिंबाखालच्या माठावर असते. माझे खालचे अंग सदा गार असते, आणि उन्हाळ्यात याहून चांगली बदली कोणाला मिळते?

इथे बसून मी खूप विचार केला. अक्का म्हणत होत्या की माझ्यामुळे पोरगी येते, आणि मी ते खरे मानून दोन वर्षे मिरवले. मी फक्त दोन टुंग मोजत होते. त्या दोहोंच्या मधला जो तास होता, त्यात सारे काही होते, आणि तो मला कधी दिसलाच नाही. नियम हवा, पाटीही हवी, तुम्ही तिला जपा, तिच्यावर राख घासू नका. पण मित्रांनो, तुमच्या आजी-आजोबांकडे कोणी सारिका येत असेल, तर पाटीने टुंग केले म्हणून निश्चिंत होऊ नका. तिच्याजवळ बसा. ती काय करते ते बघा. ती जाताना तिला नावाने हाक मारून निरोप द्या. हे पाटीला जमत नाही, ते तुम्हांलाच करावे लागेल.

आता सारिका रोज येत नाही, आठवड्यातून दोनदाच येते. मला याचे आधी वाईट वाटले. मग एकदा दुपारी अंगणात काठीचा आवाज आला, आणि फरशीवरून घासत येणारा एक पाय. अक्का एकट्याच आल्या होत्या. त्यांनी मला उचलले, तांब्या बुडवला, पाणी प्यायल्या आणि मला पुन्हा नीट झाकून ठेवून गेल्या. या येण्याची कुठेही नोंद होत नाही. आज सकाळपासून त्या तीनदा आल्या.